आधी गोलकीपरचं नाव

आपण आज हरणार, असं आयली कांगसने शुक्रवारच्या भर पंगतीत सांगितलं, तेव्हा तिच्या ताटात कुणी दुसऱ्यांदा मासा वाढला नाही. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मांस बंद आणि मासा चालू, सेंट ॲन चर्चच्या हॉलमध्ये तळणाचा घमघमाट, आणि कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा बाद फेरीतला पहिला सामना तासाभरावर आलेला. अशा वेळी आपल्याच पोरांचं वाईट बोलायचं म्हणजे काय. डेल्फीनमावशी तर कढईवरूनच म्हणाल्या, "मूल झालं की बाईच्या जिभेचं हाडच निघून जातं, बघा."

जिभेला हाड असो वा नसो, आमच्या सिलास बे गावाची पाणमांजरं त्या संध्याकाळी हरली. एक-दोनने, आयलीने सांगितलं होतं तसंच. (पाणमांजर हे संघाचं नाव. दुसऱ्या गावांचे लांडगे असतात, अस्वलं असतात. आमच्या वाट्याला हे आलं, आणि आता कुणी हसलं तर गाव अंगावर येतं.) शनिवारी ती म्हणाली, जिंकणार, दोन-एकने. जिंकली, दोन-एकनेच. तीनातले दोन सामने घेईल तो पुढे जाणार. म्हणजे सगळं रविवारवर आलं. आणि शुक्रवारी जिला मासा वाढला नव्हता तिचीच वाट बघत रविवारी सकाळी अख्खं गाव ल्यूथरन चर्चच्या तळघरात कॉफीचे पेले धरून बसलं.

हे भाकीत सांगायचं काम आयलीच्या वडिलांचं. रेइनो कांगस बर्फाच्या रिंकमधल्या एकाच खुर्चीवर जन्मभर बसला, आणि त्याच्या मांडीवरून शेजारच्या खुर्चीवर सरकत सरकत आयली मोठी झाली. तो गेला त्या वर्षी मार्च उजाडला, सामना आला, आणि कुणी काही न ठरवता सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. रीत साधी आहे. उंचवट्यावर उभं राहायचं. आधी गोलकीपरचं नाव घ्यायचं. कोच तिथं मागे उभा असतो. तो मान हलवतो. त्याने मान हलवली की मग आकडा सांगायचा. आज गोलमध्ये कोण, हे कोच त्याआधी कुणाकडेही बोलत नाही, वर्तमानपत्राकडेही नाही. नावाशिवाय आकडा चालत नाही आणि आकड्याशिवाय नाव चालत नाही. रेइनो लेकीला एवढंच सांगून गेला होता, की आपल्याला काय हवंय ते देवाला सांगावं, लोकांना आपल्याला दिसतंय ते सांगावं. म्हणून आयली खोटं भाकीत सांगत नाही, आणि म्हणून गाव तिच्यावर चिडतंही आणि तिच्यावाचून त्याचं चालतही नाही.

गोलमध्ये होता आर्वो. आयलीचा धाकटा भाऊ.

आर्वोचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. रविवारचा सामना बघायला दोन व्यावसायिक संघांची माणसं येऊन गावातल्या मोटेलात उतरली होती, आणि त्यांनी सकाळी अंडी कशी मागवली इथपर्यंत गावाला माहीत झालं होतं. आर्वो चार वर्षं या दिवसाची वाट बघत होता. चार कशाला, वडिलांनी गॅरेजच्या दारावर खडूने गोलची चौकट काढून दिली होती तेव्हापासून.

सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी कुणी बोलायचं नाही, ही आमच्याकडची दुसरी रीत. हाक मारायची नाही, पाठीवर थाप मारायची नाही, जेवताना मीठ हवं का एवढंही विचारायचं नाही. मीठ त्याच्यासमोर ठेवायचं. त्याचं मन एका जागी लागलेलं असतं, ते हलवायचं नाही. संघातली पोरंसुद्धा त्याच्यापासून हातभर लांब चालतात. म्हणून रविवारी सकाळी आर्वो बहिणीकडे आला तेव्हा तीही काही बोलली नाही. तिने भट्टीतून अंड्यादुधाचा फुगलेला पोळा काढला, त्यावर रासबेरीचा मुरांबा घातला आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. तिचा नवरा गॉर्डी पहाटेच बर्फ काढायच्या गाडीवर गेला होता. बाळ तिच्या कडेवर होतं आणि हाताला लागेल ते ओढत होतं.

आर्वोने उठून खिडकीचा पडदा लावला. बाहेर ताज्या बर्फावर ऊन पडलं होतं. सात महिने बर्फ बघितलेल्या माणसाला ते ऊन म्हणजे सण. पडदा लावतं कोण. आयलीने भुवया उंचावल्या, पण रीत म्हणून गप्प राहिली.

मग तोच बोलला. बाळाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काय नाव ठेवलंत गं याचं?"

आयली हसली. नाताळात या बाळाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातात धरून पाद्र्यासमोर आर्वोच उभा होता. धर्मपिता तो. पाणी डोक्यावर पडल्यावर बाळाने त्याचाच टाय चोखला होता. "धर्मपिताजी," ती म्हणाली, "एन्सिओ म्हणतात याला. आठवण राहू द्या."

"एन्सिओ," तो म्हणाला. पोळ्याचा घास घेतला, पण चावला नाही, नुसता तोंडात धरून बसला. थोड्या वेळाने बाळाने चमचा खाली टाकला, त्या आवाजाने आर्वोने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा बाळाकडे बघून पुन्हा मंद हसला. "छान आहे गं. नाव काय याचं?"

आता तो थट्टा करत नव्हता.

काल शेवटच्या भागात समोरच्या फोर्ट ऑर्ले संघाचा तो आडदांड गडी गोलपाशी पडला होता आणि त्याचा गुडघा आर्वोच्या शिरस्त्राणावर आदळला होता. आर्वो थोडा वेळ बर्फावर आडवा होता. मग उठला, काठीने दोन्ही खांब ठोकले, आणि सगळं रिंक उभं राहून ओरडलं. आयलीही ओरडली होती. बाळाचे कान तिने एका हाताने झाकले होते आणि ओरडली होती.

"काल लागलंय तुला," ती म्हणाली. रीत गेली चुलीत.

"लागलं नाही. दणका बसला."

"डॉक्टरांनी बघितलं?"

"सकाळीच. त्या कॉम्प्युटरवर बसवलं. पास." आर्वोने बोटांनी कपाळ दाबलं. "मला पास होणं काय कठीण आहे. सप्टेंबरात मी किती ढ होतो, ठाऊक आहे ना तुला."

तिला ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दर सप्टेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, डॉक्टर सगळ्या पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवतो. पडद्यावर शब्द येतात, ते लक्षात ठेवायचे. आकार येतात, ते जुळवायचे. प्रत्येकाचं डोकं धड असताना किती चालतं, याची ती नोंद. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा, आणि गुण सप्टेंबरातल्याएवढे आले की खेळायला मोकळा. तेव्हा आमची पोरं काय करतात, तर सप्टेंबरात मुद्दाम चुकतात. आठवत असलेले शब्द विसरतात, चौकोनाला गोल म्हणतात. मोठी पोरं नव्या पोरांना हे शिकवतात, जसं बुटाच्या नाड्या कशा आवळायच्या ते शिकवतात तसं. मग मार्चमध्ये मार बसून डोकं अर्धं बंद पडलं तरी गुण जुळतात.

"आर्वो, तू आज खेळायचं नाहीस."

"तू आज तळघरात जायचंस, माझं नाव घ्यायचंस आणि तीन-एक म्हणायचंस. मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही तुझ्याकडे." त्याने तिचा हात धरला. "ती माणसं एकाच दिवसासाठी आलीत. वचन दे."

तिने वचन दिलं नाही. "खा आधी," एवढंच म्हणाली. त्याने काळा चष्मा चढवला आणि ताट तसंच ठेवून गाडीत जाऊन बसला. तिने मागच्या सीटवर बाळाला बांधलं.

चर्चच्या तळघरात वेलदोड्याच्या पावाचा वास भरला होता. आर्वो वर गाडीतच थांबला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सामन्याचा दिवस, गोलकीपर, एकटा बसणारच. उलट येणारे-जाणारे गाडीला वळसा घालून, पावलं न वाजवता जात होते. आयलीला ते बघून चीड आली. एक पोरगा भर उन्हात काळा चष्मा लावून, मान मागे टाकून पडलाय, आणि शंभर माणसं त्याच्या शेजारून आदराने जाताहेत.

डेल्फीनमावशी दारातच भेटल्या. त्या कॅथलिक, पण भाकिताच्या दिवशी ल्यूथरन तळघरात येतात आणि देव ते चालवून घेतो. "ये गं, ये," म्हणाल्या, "शुक्रवारचा मासा देणं लागते मी तुझा. आज जिंकवलंस तर घरी आणून देईन, भाजलेल्या बटाट्यासकट."

"मी जिंकवत नाही, मावशी. पोरं जिंकतात."

"तेच गं ते."

मागच्या भिंतीशी कोच लायल हॅगस्ट्रॉम पेला धरून उभा होता. दाढी केलेली, गळ्याशी टाय. विल्होकाकांनी चमचा पेल्यावर वाजवला. काका रेइनोचे जुने दोस्त, रिंकमध्ये बर्फ गुळगुळीत करायची गाडी त्यांनी उभं आयुष्य चालवली, आणि तळघरातला कारभार आपोआप त्यांच्याकडे असतो. "चला," ते म्हणाले, "आयली, हो उभी. कॉफी गार होतेय आणि माझं रक्त तापतंय."

आयली बाळाला कडेवर घेऊन उंचवट्यावर चढली. समोर सगळे ओळखीचे चेहरे. तिच्या बापाला खांदा दिलेले, तिच्या लग्नात नाचलेले, बाळाला मोजे विणून देणारे. सगळ्यांच्या तोंडावर एकच नाव तयार होतं. ती ते घेणार, कोच मान हलवणार.

"गोलमध्ये," आयली म्हणाली, "डेव्हन शूक."

तळघरात हशा पिकला. विल्होकाका मांडीवर थाप मारून हसले. "शूक! अगं तो राखीव गोलकीपर, अजून भिंत धरून उभा राहतो. बरं, झाली गंमत. आता खरं सांग."

"खरंच सांगतेय. गोलमध्ये डेव्हन शूक."

कोचने मान हलवली नाही. पेला खाली ठेवला. "आयली," तो सबुरीने म्हणाला, "आर्वोला डॉक्टरांनी सकाळीच पास केलंय."

"आणि तेही पैकीच्या पैकी," विल्होकाका म्हणाले. "आपली पोरं म्हणजे काय समजलीस? सप्टेंबरात अशी काही ढ होतात की मार्चमध्ये डोकं फुटलं तरी पंडित ठरतात."

तळघर खदखदून हसलं. पाद्र्याची बायको हसली. कोचही खाली बघून हसला. हा विनोद दर वर्षी होतो आणि दर वर्षी तेवढाच चालतो. गेल्या वर्षी आयलीही त्यावर हसली होती. आज तिला एकेक तोंड वेगळं दिसलं, एकेक दात वेगळा दिसला.

"हसा," ती म्हणाली. "कोच, तुम्हीसुद्धा. तुम्हाला माहीत आहे पोरं काय करतात. काकांना माहीत आहे. पाद्र्यांना माहीत आहे. या किटलीलासुद्धा माहीत असेल. एकट्या त्या डॉक्टरला माहीत नाही, कारण तो बिचारा बाहेरगावचा. आणि मग त्याने पास केलं म्हणून तुम्ही हात झटकून मोकळे. ती परीक्षा खोटी आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने तिचा दाखला द्यायचा, याला काय म्हणतात?"

"आयली, बाळ झाल्यापासून तुझं काळीज जरा पातळ झालंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"झालंय. ज्यांचं जाड आहे त्यांनी वर जाऊन त्या गाडीत बघा की. सकाळपासून शंभर जण त्याच्याजवळून गेलात. एकाने तरी त्याला विचारलं का, बाबा रे, बरा आहेस का? नाही विचारलं, कारण सामन्याच्या दिवशी विचारायचं नसतं. उद्या तो बर्फावर मरून पडला तरी सामना संपेपर्यंत कुणी हाक मारणार नाही त्याला. केवढी ही माया!"

"मरणाची भाषा कशाला सकाळी सकाळी," विल्होकाका पुटपुटले. आता ते हसत नव्हते, चिडले होते. "तुझा बाप तुटक्या बोटांनी खेळलाय. तक्रार नाही केली."

"बोटांनी खेळला, काका. बोटाला प्लास्टर बसतं." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आर्वोने सकाळी मला याचं नाव विचारलं. मी सांगितलं. पोळा गार व्हायच्या आत त्याने पुन्हा विचारलं. ज्याने याला बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली धरलं, त्याने."

डेल्फीनमावशींचा हात पावाच्या तुकड्यासह हवेतच राहिला. बाकी लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं, मग बोलवा त्याला खाली, विचारू इथंच, सगळ्यांसमोर. दोघा-तिघांनी हो म्हटलं.

"त्याचा तमाशा नाही करायचा," आयली म्हणाली. "तो जत्रेतलं अस्वल नाही. कोच, तुम्ही वर चला. तुम्ही एकटे."

कोच जागचा हलेना. सामन्याच्या दिवशी गोलकीपरच्या गाडीची काच ठोकायची, हे त्याने पंचवीस वर्षांत केलं नव्हतं. पण सगळं तळघर त्याच्याकडे बघत होतं, आणि नाही म्हणायला त्याला कारण सापडेना. त्याने कोट उचलला.

तळघराच्या खिडक्या जमिनीलगत असतात, तिथून नुसते पाय दिसतात. लोक त्या खिडक्यांशी गोळा झाले. वर कोचचे बूट बर्फात करकर करत गाडीपाशी जाऊन थांबले. मागोमाग आयलीचे.

कोचने काच ठोकली. आर्वो दचकला, मग चष्म्याआडून बघत त्याने काच खाली केली. "काय कोच," तो ओढूनताणून हसत म्हणाला, "आज तुम्हीच रीत मोडताय?"

"मोडतोय. चष्मा काढ."

आर्वोने काढला. बर्फावरचा उजेड लागताच त्याचे डोळे भरून वाहायला लागले, पण त्याने मान वळवली नाही. गोलकीपर तो, समोरून येईल ते अंगावर घ्यायची सवय.

"या पोराचं नाव काय?" कोचने बाळाकडे बोट दाखवलं.

आर्वोने बाळाकडे बघितलं. मग बहिणीकडे. तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तिने नुसते ओठ हलवले असते तरी त्याला पुरलं असतं. रिंकच्या पार दुसऱ्या टोकाहून तो तिचे ओठ वाचायचा. आयलीला ते कळलं. तिने ओठ मिटले आणि तोंड बाळाच्या लोकरीच्या टोपीत खुपसलं. टोपीला दुधाचा वास येत होता. तिला वाटलं, आपण या क्षणी भावाच्या पायांखालचा बर्फ काढून घेतोय, आणि तरी तिने मान वर केली नाही.

"रेइनो," आर्वो म्हणाला.

वडिलांचं नाव.

कोच गाडीच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने आर्वोच्या हातातून चष्मा घेऊन स्वतःच त्याच्या कानांवर अलगद चढवला. गाडीपासून दोन पावलं लांब येऊन आयलीला हळू आवाजात म्हणाला, "हे मला एकांतात सांगायचं होतंस. सगळ्यांसमोर नाही."

"एकांतात सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही मला घरी जाऊन झोप म्हणाला असतात."

कोच तळघराकडे चालायला लागला.

गाडीत आर्वो समोर बघत बसला होता. "वचन दिलं होतंस," तो म्हणाला.

"नव्हतं दिलं."

"गप्प बसली होतीस."

"गप्प बसणं म्हणजे वचन नव्हे. हे सगळं गाव गप्पच बसलं होतं."

ती गाडी सुरू करत होती तोच विल्होकाका जिन्यावरून वर आले, कोट न घालता, नुसत्या सदऱ्यावर. खाली कोचने शूकच्या नावाला मान हलवली होती. काका काचेशी वाकले. गाडीत कोण बसलंय तिकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "आकडा," ते म्हणाले. "आयली, नाव घेतलंस, आता आकडा सांगून जा. अर्धवट सोडू नकोस. वाईट का असेना, पण सांग."

आयलीने काच वर केली आणि गाडी बाहेर काढली.

आर्वोला तिने घरी न नेता आधी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईने कॉम्प्युटर लावला नाही. डोळ्यांसमोर बोट नाचवलं, उभं केलं, चालवलं, आणि सांगितलं की उन्हाळा संपेपर्यंत बर्फाचं नाव काढायचं नाही. दुसरा दणका बसला असता तर काय, असं आयलीने विचारलं. त्या बाईने एकदा आर्वोकडे, एकदा बाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याची चर्चा आपल्याला करावी लागली नाही, हे बरं झालं."

सामना आयलीने स्वयंपाकघरात ऐकला, रेडिओ कानाला लावून. पडदे लावलेल्या मागच्या खोलीत आर्वो पडला होता. शूक चांगला खेळला, बिचारा. जादा वेळेपर्यंत सामना ओढला त्याने. मग दोन-तीन. हंगाम संपला.

ती खोलीच्या दाराशी गेली. "हरलो," म्हणाली.

अंधारातून, "तिसरा गोल कसा गेला?"

"डाव्या खांबाजवळून. खालून."

"तो मी अडवला असता."

आयलीच्या तोंडावर आलं होतं, नाही रे, कुणालाच अडला नसता. कुठल्याही बहिणीने तेच म्हटलं असतं. पण तिला तसं येत नाही. "हो," ती म्हणाली. "तू असतास तर आपण जिंकलो असतो, बहुतेक."

त्याने तोंड भिंतीकडे केलं.

व्यावसायिक संघांची ती माणसं रात्रीच निघून गेली. सोमवारी आयली दुकानात गेली तेव्हा लोक बोलत होते आणि तिला बघून थांबले. डेल्फीनमावशींनी तेवढा मासा पाठवला, बटाट्यासकट, डब्यावर चिठ्ठी नाही, काही नाही. आर्वो उठून बसत होता, पाणी पीत होता, बाळ रडलं की कानांवर उशी धरत होता. बहिणीशी बोलत नव्हता. तिने ठेवलेली पेज खात होता, पण ती खोलीतून गेल्यावरच.

दुपारी विल्होकाका आले. टोपी हातात, चेहरा सुतकी. उघड्या दारात उभे राहिले. थंडी आणि ऊन दोन्ही आत येत होतं. "बस म्हणू नकोस," ते म्हणाले. "बोलायचं आहे तेवढं बोलून जातो. गावाचं म्हणणं पडलं की पुढच्या वर्षीपासून भाकीत दुसऱ्या कुणी सांगावं."

"का?"

"अगं, का काय? आधी नाव, मग आकडा. नाव घेऊन आकडा न सांगता गेलीस. रेइनोच्या जन्मात असं झालं नाही. पोरांचं मन अर्धवट राहिलं. जादा वेळेत हरलो ते उगाच नाही."

आयलीच्या हाताला पिठाचा गोळा चिकटला होता. ती तो हळूहळू खरवडत राहिली, कारण हात रिकामे झाले असते तर काय केलं असतं याचा तिला भरवसा नव्हता. "काका, तो पोरगा तिथं आत अंधारात पडलाय. तुम्ही दारात उभे आहात. आल्यापासून तो कसा आहे हे विचारलं नाहीत. आणि तुम्हाला आकडा हवाय?"

"विचारणारच होतो."

"भाकीत घ्या. ज्याला हवं त्याला द्या. पण सप्टेंबरात ती परीक्षा होईल त्या दिवशी मी तिथं खुर्ची टाकून बसणार आहे. पोरगं चौकोनाला गोल म्हणालं की त्याच्या आईला फोन करणार. एकेकाच्या आईला. सांगा गावाला."

"तुला कोण बसू देणार तिथं?"

"कोण उठवतं ते बघते."

काका तोंड उघडणार तोच मागच्या खोलीतून आवाज आला. कालपासूनचा पहिला.

"दार लावा, काका. उजेड येतोय."

विल्होकाकांनी खोलीकडे बघितलं. आत नुसता काळोख, आणि त्या काळोखात हाताने डोळे झाकलेला एक माणूस, ज्याला लहानपणी त्यांनी स्वतः रिंकच्या गाडीवर बसवून बर्फावर फिरवलं होतं. ते टोपी हातात फिरवत थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी दार लावलं, अगदी हळू, कडीचा आवाज होऊ न देता. बाहेरून लावलं.

आयली पिठाकडे वळली. तिचा राग तसाच होता, जागच्या जागी. तिने तो पिठात घातला आणि मळायला लागली. बाळ जमिनीवर बसून चमचा तोंडात घालत होतं; पडू नये म्हणून तिने त्याच्या पाठीशी आपला पाय लावून ठेवला.